बदक चिखलात पडतं तेव्हा

बाई आमच्या कंपनीत आल्या तेव्हा त्यांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. अठरा वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं. मी गेमचे आवाज करणारा माणूस. मला वाटलं, झालं, आता ही मास्तरीण आम्हालाच पाढे म्हणायला लावणार. पण पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "उत्तर चुकलं की तुम्ही तो भोंगा वाजवता ना, तो आधी बंद करा."

त्याचं कारण त्यांनी पुढे एकदा चहा पिताना सांगितलं. वर्गात त्या सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचायच्या. एका मुलीला शून्य मिळालं, वर्ग हसला, आणि ती परत शाळेत आलीच नाही. "माझ्या गेममध्ये चुकलं म्हणून एकाही पोराची मान खाली जायला नको," एवढाच त्यांचा हट्ट होता.

म्हणून आम्ही बदक आणलं. अपूर्णांकाचं उत्तर बरोबर आलं की बदक एक दगड पुढे. चुकलं की घसरून धपकन चिखलात. त्या 'धपकन'साठी मी दोन दिवस घरी भिजवलेल्या कणकेचा गोळा बादलीत आपटत होतो. बायको म्हणाली, "डोकं फिरलंय तुमचं." स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण आवाज फर्मास जमला.

चाचणीला एका शाळेतली बारा मुलं आली. एक खोली, बारा टॅब. पाच मिनिटांत पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. दोन वेण्यांची एक मुलगी तर सगळ्यांत मोठ्याने हसत होती. कंपनीचे साहेब खूश. मी बाईंकडे ऐटीत पाहिलं, तेवढ्यात निकाल पडद्यावर आला. शंभरातली नव्वद उत्तरं चूक!

बाई एका मुलाजवळ जमिनीवरच बसल्या.

"अर्धा आणि पाव मिळून किती रे?"

"पाऊण," तो न थांबता म्हणाला.

"मग एक का दाबलंस?"

"पाऊण दाबलं तर बदक पडत नाही ना, बाई!"

शिकायला दिलेल्या गेममध्ये पोरं मन लावून चुकत होती! त्यांचा काय दोष? सगळी गंमत आम्हीच चुकीच्या उत्तरात भरून ठेवली होती. साहेब म्हणाले, गणितं सोपी करा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

बाईंनी उलटं केलं. बरोबर आलं की बदक ऐटीत चिखलात उडी मारणार. चुकलं की नुसतं उभं राहून पुन्हा विचारणार. आठ दिवसांनी तीच मुलं आली आणि खोलीभर धपाधप सुरू झालं. उत्तरं बरोबर, हसणंही तेवढंच. मी टाळी द्यायला हात पुढे केला, पण बाईंचं लक्ष कोपऱ्यात होतं.

तिथे ती दोन वेण्यांची मुलगी टॅबवर दोन्ही हात झाकून बसली होती. तिचं बदक पहिल्याच दगडावर उभं.

"काय झालं गं बाळा?"

ती अगदी हळू म्हणाली, "मागच्या वेळी सगळेच चुकत होते. मला येत नाही ते कुणाला कळलं नाही. आता माझंच बदक वाजत नाहीये."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो, मी परत मार्क मोठ्याने वाचले."

तो आवाज माझा होता, किती मिरवला होता मी! उठलो आणि सगळ्या टॅबचा आवाज बंद केला. पोरांनी आरडाओरडा केला, साहेब दारातून डोळे वटारून बघायला लागले. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी आपला रुमाल तिच्यासमोर पसरला, मधोमध दुमडला, मग पुन्हा दुमडला. "हा अर्धा. आणि हा पाव. आता तू घाल घडी."

शाळेची बस आली तेव्हा बाईंनी विचारलं, "पुढच्या वेळी येशील ना?"

ती बसकडे वळली. रुमाल मात्र मुठीत धरून घेऊन गेली.