चढावरचा काळा धूर

कल्याणप्पा मिस्त्रींना धूर दाखवा, ते गाडीचा रोग सांगणार, अशी सोलापूरकडच्या वाशीच्या पट्ट्यात त्यांची ख्याती होती. निळा निघाला तर ऑइल जळतंय, पांढरा निघाला तर डिझेल नीट पेटत नाही, काळा निघाला तर डिझेल जास्त जातंय. गाडीला हात लावायच्या आधीच निकाल. बहुतेक वेळा तो बरोबर यायचा, म्हणून तर माणूस नाकावर माशी बसू देत नव्हता. मालक "पण मिस्त्री..." एवढं म्हणाला, की ते पाना खाली ठेवायचे. "मग तूच खोल."

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी खरेदी-विक्री संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होतो. टँकर कसला, खत वाहून खिळखिळी झालेली डिझेल गाडी. दुष्काळ पडला तशी तिच्यावर टाकी बसवली. ईट गावाकडच्या एका विहिरीवर भरायची आणि घाटाच्या माथ्यावरच्या वस्तीला न्यायची. वस्तीच्या स्वतःच्या विहिरीत तळाला एक झरा तेवढा उरला होता. त्याचं पाणी खाली उतरून वाटीनं भरावं लागे.

एप्रिलमध्ये गाडी चढाला काळा धूर ओकायला लागली. शेवटच्या वळणावर अशी दमायची की निम्मी टाकी रस्त्यात सोडून द्यावी लागे. ते पाणी मातीत जाताना बघवायचं नाही.

त्याच वळणावर धुरपदाबाईचं घर. साठीची बाई, चार शेळ्या आणि तोंडाचा पट्टा. रांगेत पहिली घागर तिची. एक दिवस मला म्हणाली, "आबा, तुज्या गाडीचं नरडं कोण दाबतंय रं? भरलेली चढती तवा घुसमटती. उतरताना बघावं तर ठणठणीत. माज्या शेळीच्या नरड्यात चिंधी अडकली व्हती, ती असंच करायची."

"मावशी, तुमीच या मग मिस्त्री म्हणून," मी म्हणालो. रांगेतल्या बाया हसल्या. तीही हसली.

गाडी मिस्त्रींकडे नेली तेव्हा हा किस्सा मी त्यांना रंगवून सांगितला. तिचा आवाज काढून, शेळीसारखी मान ताणून. मिस्त्री पोट धरून हसले. "आता शेळ्या राखणाऱ्या बाया इंजनाची नाडी बघणार, व्हय?" उभ्या गाडीला त्यांनी दोनदा रेस दिली, धुराकडं पाहिलं आणि म्हणाले, "काळा. पंपच गेलाय."

डिझेलचा पंप उतरवून सोलापूरला पाठवला. तिथं आधीच पंपांची रांग. संघानं दुसरी गाडी मागितली, ती आली नाही. सगळीकडं तीच बोंब. आमची गाडी नऊ दिवस शेडमध्ये उभी राहिली. मी रोज जायचो आणि मिस्त्री रोज सांगायचे, "उद्या येतोय." 

दहाव्या दिवशी सकाळी पंप आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पंपात दोष नाही. मिस्त्रींनी ती वाचून खिशात घातली आणि पंप चढवला. दुपारी टाकी भरून निघालो, तेव्हा ते स्वतः शेजारी बसले. चढ लागला आणि मागं पुन्हा काळंकुट्ट.

"थांब. गियर काढ, ब्रेक लाव. आता रेस दाबून धर."

त्यांनी उतरून बॉनेट उघडलं. मी पाय दाबून धरला. बऱ्याच वेळानं त्यांनी हातानं खूण करून इंजन बंद करायला लावलं. फिल्टरमधून इंजनाला हवा नेणारा रबरी पाईप होता, मनगटाएवढा जाड, दिसायला धडधाकट. पण इंजनानं हवा जोरात ओढली की तो मिटत होता. मिस्त्रींनी तो काढून चाकूनं चिरला. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. डिझेल पुरेपूर आणि हवेला वाट नाही. मग धूर काळा निघणार नाही तर काय! टाकीच्या पाण्याच्या पाईपचा हातभर तुकडा कापून त्यांनी तिथं आवळला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

गाडी सरसर चढली. मिस्त्री एकदाच बोलले, "नरडंच व्हतं की रं."

वळणावर धुरपदाबाईच्या घरापुढं माणसं उभी होती. रांग नव्हती, घागरी नव्हत्या. सकाळी ती झऱ्याचं पाणी भरायला विहिरीत उतरली आणि वरची कपार ढासळली. तिचा मुलगा बिरदेव गाडीजवळ आला. त्याच्यात रागवायचंही त्राण नव्हतं. "बरं झालं आलात," तो म्हणाला. "आईला आंघूळ घालायला पाणी न्हवतं."

पहिली बादली मिस्त्रींनी भरून दिली. मी स्टिअरिंग सोडून खाली उतरू शकलो नाही.

पुढं मिस्त्री पंचवीस-तीस वर्षं जगले. इंजनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या गाड्या आल्या, त्यांचे हवेचे पाईपही वाढले. पण कुठलीही गाडी येवो, धुराकडं बघायच्या आधी ते विचारायचे, "गाडीत आणखी कोण बसतं? त्यास्नी काय ऐकू येतं?" क्लीनर असो, हमाल असो, मालकाची म्हातारी असो, सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मग पाईपवर हात ठेवून रेस द्यायला लावायचे. कुणी हसलं तर त्याला ते धुरपदाबाईची गोष्ट सांगत. "तिनं सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाय. माज्या हेक्यापायी बाई गेली."

बऱ्याचदा मी तिथंच बाकावर बसलेला असायचो. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत नकला करत कुणी पोचवलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गोष्टीत त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. आणि मीही त्यांना कधी मध्ये थांबवलं नाही.