सुईमावशी आणि चारशे बारा नळ्या

दवाखान्यातली नर्स सुईमावशी, तिच्या खोलीत खोटं बोलायची पूर्ण मुभा होती. एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्या पोरापोरींना ती आधीच सांगायची, "नाव वाट्टेल ते सांग, हात तेवढा खरा पुढे कर." मग काय विचारता! वर्षभरात कॉलेजचे गणिताचे सर वहीत एकोणचाळीस वेळा तपासून गेले आणि प्राचार्यबाई सव्वीस वेळा. खरी ओळख म्हणजे रक्ताच्या नळीवरचा नंबर. निकालही त्या नंबरावरच मिळायचा.

तरुणांमध्ये हा रोग रोखायला कुठला उपाय किती लागू पडतो, हे बघायला वरून एक साहेब आले. कॉलेजातल्या व्याख्यानांना त्यांनी भरभरून गुण दिले. का नाही देणार? हजेरी सक्तीची, आणि 'व्याख्यान उपयोगी वाटले का' हा फॉर्म प्राचार्यबाईंच्या डोळ्यांदेखत भरायचा! मावशीची वही त्यांनी संगणकात घातली, दोनदा आलेली नावं गाळली आणि चारशे बारा तपासण्यांची अठ्ठावन्न माणसं करून टाकली.

"एवढ्याशा लोकांसाठी खोली कशाला?" साहेब म्हणाले. "निम्म्या पोरांना लहानपणी लस तुम्हीच टोचलीय, म्हणजे ओळखता तुम्ही. सोमवारपर्यंत खऱ्या नावांची यादी द्या, नाहीतर खोली बंद करा असं लिहून देतो."

मावशीचं डोकंच फिरलं. तिच्या धाकट्या भावाने बाविसाव्या वर्षी अशाच एका खोलीच्या दारातून पाय मागे घेतला होता. टेबलावर फॉर्म होता: नाव, वडिलांचं नाव, पत्ता. तीन वर्षांनी त्याला उचलून आणलं, तेव्हा फार उशीर झाला होता. दारातून परत गेलेला तो कुणाच्याच वहीत आला नाही. तेव्हापासून मावशी चिडलेली होती ती होतीच.

सोमवारी तिने साहेबांपुढे गठ्ठा आपटला. "प्रयोगशाळेच्या पोचपावत्या. चारशे बारा नळ्या. रक्त मोजा, नावं कसली मोजताय!"

"एकच माणूस चारदा आला असेल तर?"

"येऊ दे की! दर तीन महिन्यांनी ये म्हणून मीच कानीकपाळी ओरडत असते."

"ते ठीक आहे, पण यादी..."

"मेले तरी देणार नाही. नोकरी घ्या, किल्ली घ्या, काय करायचं ते करा!"

पाच वाजले. मावशीने गल्लीकडचं दार उघडलं. साहेब हट्टाने तिच्याच टेबलाशी बसले. "नावं मीच विचारतो," म्हणाले.

एक मुलगी ओढणी सावरत आत आली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव?"

मुलीने पेनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "चुकून आले," एवढंच म्हणाली आणि पळाली. मावशी मागोमाग धावली, पण गल्लीत कुणी नव्हतं. ती परत आली तेव्हा तिचा श्वास चढला होता.

"लिहा साहेब, लिहा! वय वीस-बावीस. दारातून परत गेली. हिला कुठे मोजणार, सांगा मला."

साहेबांच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.  त्यांनी पेन खिशात ठेवलं, खुर्ची सोडली आणि पावत्यांचा गठ्ठा उचलून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर मोजत बसले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. दार सताड उघडं टाकून ती गल्लीत उभी होती, ती पोरगी परत येतेय का बघत.