मावशींचं कुलूप

लॉकडाऊनच्या त्या उन्हाळ्यात परराज्यात, कोसाडच्या आमच्या खोलीला बाहेरून कुलूप असायचं आणि आत आम्ही तिघं. वडील कामाला होते तो कापडाचा कारखाना बंद होता. त्यांना लूमवरच्या धुळीचा जुना खोकला. खोकणाऱ्याला गाडीत घालून नेतात, असं आईच्या मनाने घेतलं होतं. घर रिकामं दिसावं म्हणून लावलेलं ते कुलूप शेजारच्या मावशींचं. त्यांच्याकडे तेवढं एकच. त्या ते लावायच्या आणि किल्ली खिडकीतून आत टाकायच्या.

एका दुपारी सरकारी कामाच्या बाई आल्या. दारोदार गुजरातीत म्हणत होत्या, "अनाज माटे नाम लखावो." मी आईला सांगितलं, धान्यासाठी आल्यात, रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी चालतंय.

"गप बस," आई अहिराणीत पुटपुटली. "दाणास्नं नाव सांगतीन नि माणूसले लई जातीन."

वडील हसले. "मले कोन लई जाई? शेठ बी लेत नही आते." हसताना खोकला आला, तसा त्यांनी टॉवेल तोंडात धरला. बाई आमच्या दारापाशी थांबल्या, कुलूप बघून पुढे गेल्या. मावशींच्या दाराला कुलूप नव्हतंच. त्यांचं नाव लागलं.

गहू-तांदूळ आले त्या दिवशी मावशी पातेलं घेऊन खिडकीशी उभ्या. "कुलूप तुम्हाला दिलं म्हणून मला पावलं बाई. आता किल्ली द्या, हे गजातून मावत नाही." त्यांनी अर्धं धान्य दिलं. आम्ही ते खाल्लं. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत.

पुढच्या वर्षी वडिलांना ताप आला, मग धाप लागली. आईने दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. ते त्याच खोलीत गेले.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडिलांच्याच मजुरीवर तालुक्याच्या गावी शिकलो. कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार मदत देतं, हे गल्लीत मलाच आधी कळलं. दोन घरांचे अर्ज मी भरून दिले, त्यांना पैसे मिळाले. मग आमचा घेतला. तपासणीचा नाहीतर दवाखान्याचा कागद जोडायचा होता. आपल्याकडे तसा एकही नाही, असं मी आईला सांगितलं.

ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शेवटले घरमाच व्हतात ना."

मी अर्ज घडी घालून ठेवला आणि कामावर गेलो.