मचाणाची गाठ

सोनगीरकडच्या आमच्या शेताच्या बांधावर एक थोराड लिंब होता आणि त्यावर मचाण. ज्वारीत दाणा भरला की दिवसभर तिथे बसून गोफणीने पाखरं हाकलायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सून होऊन त्या घरात गेले आणि हे काम माझ्याकडे आलं. मला ते फार आवडायचं. वर वारा, खाली पिवळं पडत चाललेलं रान आणि डोक्यावरचा पदर सावरायला सांगणारं कुणी नाही!

फक्त सासऱ्यांच्या, आबांच्या, तपासणीने माझं डोकं फिरायचं. रोज सकाळी शिडीच्या प्रत्येक पायरीला ते दोन्ही हातांनी लोंबकळायचे, पाय मुडपून, अंगाचा सगळा भार टाकून. मग वर जाऊन फळ्यांवर टाचा आपटायच्या, अंबाडीच्या दोराची एकेक गाठ ओढायची. तोवर पाखरांचा नाश्ता उरकलेला असायचा. एवढं झाल्यावर म्हणायचे, "चढ आते, माय." मी पदराआड हसायची. कधी कधी तोंडावरही म्हणायची, "आबा, काल होतं तेच झाड आहे." ते ऐकूनही घ्यायचे नाहीत.

एकदा ते दोन दिवस धुळ्याला बाजारसमितीत गेले. पहिल्याच सकाळी वरून दुसरी पायरी सैल लागली. अंबाडीचा दोर घरी राहिलेला, आणि घर मैलभर लांब. माझ्या टोपलीला माहेरून आणलेलं केळीचं सोपट गुंडाळलेलं होतं. फैजपूरकडे केळीच्या खोडाच्या या सालपटाने आम्ही भाजीच्या जुडीपासून वेलाच्या मांडवापर्यंत सगळं बांधतो. मी ते पाण्यात भिजवलं, करकचून गाठ मारली आणि स्वतःवर खूश होऊन वर चढले. दोन दिवस चढले, उतरले. सोपट ओलं असतं तोवरच घट्ट धरतं, वाळलं की आकसून निसटतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण माहेरी त्यावर कुणी पाय देत नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या सकाळी आबा आले आणि नेहमीसारखे त्या पायरीला लोंबकळले. पायरी हातात घेऊनच ते खडकाळ बांधावर पडले. उजवं मनगट मोडलं.

आरडाओरडा ऐकून सासूबाई धावत आल्या. निसटलेलं सोपट उचलून त्यांनी विचारलं, "हाई कोन बांधं?" त्या घरात सोपट कोण आणतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नव्या सुनेने सासऱ्याचा हात मोडला, हे गावभर व्हायला संध्याकाळही लागली नसती.

"मीच बांधेल व्हतं," आबा म्हणाले. "घाईमा."

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते. मनगट वाकडंच सांधलं आणि पंचक्रोशीत नावाजलेली त्यांची गोफण सुटली ती सुटलीच. ते हसून म्हणायचे, "पाखरंस्नं बरं व्हयनं." तपासणी मात्र डाव्या हाताने चालू राहिली. आता मी हसत नव्हते, शिडी धरून उभी राहायची.

सात-आठ वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांना पेज भरवताना माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "आबा, ती गाठ माझी होती. तुमची गोफण माझ्यामुळे गेली."

"माले माहीत शे," ते म्हणाले. मी रडायला लागले तसा त्यांनी तो वाकडा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "गोफणनं काय घीसन बसनी? तू दोन दिन त्या गाठवर चढनी, आन् मी धुळ्याले व्हतू. ते याद उनं का आज बी मन्हा जीव थरथरस."