माझ्यासाठी थांबणारी बस

माझ्या नवऱ्याचं माझ्यावर प्रेम आहे, हे रोज सकाळी सहा चाळीसला एका बसभर माणसांना कळायचं. ते लपवावं असं मला कधी वाटलं नाही. उलट त्याचा मला चांगलाच तोरा होता.

तो कामगारांची बस चालवतो. गाडी ठेकेदाराची, कंपनी रोह्याची, आणि मी त्याच कंपनीत माल बाहेर पाठवायच्या ऑफिसात बसते. तो पहाटे गाडी आणायला जायचा आणि सहा चाळीसला आमच्या पेणच्या नाक्यावर येऊन उभा राहायचा. मी सहा त्रेचाळीसला यायचे. कधी चव्वेचाळीसला.

मी आळशी आहे असं कुणी समजू नये. पाचला उठते, दोघांचे डबे भरते, सगळं वेळेत होतं. पण कुलूप लावून दोन जिने उतरले, की गॅस बंद केला का, ही शंका येतेच. मग परत वर. गॅस बंदच असतो. आजवर एकदाही तो चालू सापडलेला नाही, पण म्हणून न बघता जायचं का?

तेवढा वेळ तो खाली उतरून चाकं बघायचा. एकेका चाकाला लाथ मारायची, वाकायचं, पुढच्या चाकाकडे जायचं. अख्ख्या रायगड जिल्ह्यात आमच्या बसइतकी तपासलेली चाकं दुसऱ्या कुठल्या गाडीची नसतील. मागच्या बाकावरची मंडळी मी किती मिनिटांनी येणार यावर चहाची पैज लावायची. मी पायरी चढले की कुणीतरी म्हणायचं, "आली चाकाची हवा!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे.

यातली खरी गंमत अशी, की हाच माणूस वेळेच्या बाबतीत भलता कडक. "गाडी कुणासाठी थांबणार नाय" असा कागद त्याने आत काचेवर चिकटवला होता. वडखळला चहा पीत राहिलेल्या एका सुपरवायझरला तो चहासकट सोडून आला होता. त्याच्या नियमाला मी एकटी अपवाद होते. बहिणीला फोनवर हे मी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी ती म्हणाली, "कळलं गं, तुझा नवरा चांगला, माझा वाईट. आता ठेव."

प्रेम म्हणजे चांगलंच, अशी माझी समजूत होती. आई आम्हाला बदडायची, ते प्रेम. मावशी पोट फुटेस्तोवर वाढायची, तेही प्रेम. वडील आयुष्यात चार वाक्यं बोलले असतील, त्यांच्या गप्प बसण्यालाही सगळे प्रेमच म्हणायचे. आमच्या शेजारची काकू तर मुलाला परीक्षेत उत्तरं पोचवायला शाळेच्या खिडकीवर चढली होती. पडली, हात मोडला, आणि सगळी आळी म्हणाली, बघा, आईचं काळीज! त्या वर्गातल्या बाकीच्या पोरांसाठी खिडकीवर चढायला कुणी नव्हतं, हे काही कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग तो मंगळवार आला. त्या दिवशी मी गॅस बघायला वर गेले, आणि गॅस बघून खाली आल्यावर चाव्या वरच राहिल्याचं लक्षात आलं. सहा मिनिटं गेली. नवऱ्याची चाकं तपासून संपली, काच पुसून झाली, शेवटी त्याने बॉनेट उघडलं. मी आले तेव्हा तो अगदी मन लावून इंजिनाकडे बघत होता.

वडखळला ट्रकांची रांग लागलेली. नागोठण्याला पोचेपर्यंत त्याचं घड्याळाकडे बघणं सुरू झालं. आठला गेट बंद होतं, मग बसभर माणसांना लेट मार्क. निडीजवळच्या थांब्यावर दोघी-तिघी चढल्या. तिथेच रोज एक पोरगी चढायची, असेल वीसेक वर्षांची, डोंगराकडच्या वाडीवरची. पॅकिंगमध्ये ठेक्यावर नुकतीच लागलेली. ती थांब्यावर नव्हती. शेताच्या बांधावरून पळत येत होती, एक हात वर करून. अर्ध्या मिनिटात पोचली असती.

नवऱ्याने आरशात बघितलं, घड्याळात बघितलं, आणि गिअर टाकला.

मी त्याच्या मागच्याच सीटवर बसते. मला ती दिसली होती. "अहो, थांबा जरा" एवढं म्हटलं असतं तर तो थांबला असता, माझं तो ऐकतोच. पण मी पर्स उघडली आणि त्यात काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते ते मलाही ठाऊक नाही. बसमध्ये कुणी हसलं नाही.

दुपारी पॅकिंगमधली बाई सांगत आली, की त्या पोरीचा हा तिसरा खाडा. पहिल्या महिन्यात तीन खाडे झाले की नाव कमी करतात. पहिले दोन आईच्या तापात गेलेले. उद्यापासून ती येणार नव्हती. मी डब्याचं झाकण परत लावून टाकलं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी नवऱ्यावर तोफ डागली. आपली चूक असली की माझा आवाज जास्त चढतो.

"अर्धं मिनिट थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्यापायी सहा मिनिटं गेली. अर्धं कुठून आणू?"

"मग माझ्यासाठी कशाला थांबलात?"

"कशाला म्हंजे? बायको हायस माझी."

"आणि ती?"

"ती नाय," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर खुर्चीत बसला.

मीही खाली बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, तो मला स्वतःची मिनिटं देतो. त्याची कुठली असायला? ती मिनिटं बसमधल्या सगळ्यांची होती, आणि मंगळवारी ती एका पोरीच्या नोकरीतून काढून मला दिली गेली होती. आणि मी ती घेतली होती, वर पर्समध्ये डोकंही घातलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की भांडायचंही सुचेना.

"मी उद्या कंपनीच्या साहेबांना सांगते," मी म्हटलं. "पण ठेकेदाराला कळलं तर तुम्हाला गाडीवरून काढतील."

मी पुढे ठेवलेला चहाचा कप त्याने दोनदा फिरवला. मिठागरावर राबलेल्या बापाचा मुलगा, ही स्टिअरिंगची नोकरी तो किती जिवापाड जपतो ते मला माहीत आहे. मग म्हणाला, "सांग गो. माझं पण नाव घे. थांबलो मी, तू काय दोरी बांधून थांबवलंस?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. सगळं ऐकून त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या." मी लिहिलं, की मी रोज उशिरा येते, ड्रायव्हर माझा नवरा असल्यामुळे गाडी थांबते, मंगळवारी सहा मिनिटं थांबली, आणि त्या पोरीचा खाडा तिच्या चुकीने झालेला नाही. इतकं अवघड मी दहावीच्या पेपरातही काही लिहिलं नव्हतं.

सही करते तोच दारात फिटर काका. आमच्या बसमधले सगळ्यात जुने. मागे आणखी सात-आठ जण. काका म्हणाले, "साहेब, आमच्या पण सह्या घ्या. आम्हाला सगळ्यांना म्हायती व्हतं. आम्ही पैजा लावायचो."

"कसल्या पैजा?"

मग साहेबांना चाकांपासून बॉनेटपर्यंत सगळं ऐकावं लागलं. एकाने लाथ मारायची पद्धतही करून दाखवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हसू आवरायला एवढे कष्ट घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. "तीन वर्षं रोज?" त्यांनी विचारलं. "रोज," मी म्हटलं. "कमाल आहे," ते म्हणाले. "घरी सांगू नका कुणी. माझ्या बायकोने ऐकलं तर मलाही थांबावं लागेल."

खाडा रद्द झाला. नवऱ्याला ठेकेदाराच्या ऑफिसात अर्धा तास उभं राहून बोलणी खावी लागली, पण गाडी राहिली. दोन दिवस तो माझ्याशी फुगून होता. काढतील या भीतीने नाही, तर सगळी कंपनी त्याला बघितलं की चाकाला लाथ मारून दाखवायची म्हणून. काचेवरचा कागद निघाला. बसमध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलं, की प्रत्येक थांब्यावर एक मिनिट थांबायचं, जो कोणी येताना दिसेल त्याच्यासाठी, मग तो कुणी का असेना. घड्याळ फिटर काकांचं. ड्रायव्हरच्या बायकोलाही एकच मिनिट, हे काकांनी दोनदा मोठ्याने सांगितलं.

ती पोरगी परत आली त्या दिवशी मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं गं सगळं. मी बघितलं होतं तुला."

ती उलट मलाच समजवायला लागली. "नाय वो वहिनी, मीच उशिरा निघाले व्हते. आईचं पाणी भरायचं व्हतं." तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

महिना-दीड महिना मी वेळेवर होते. गॅसला शेजारीण नेमली. आणि मग एका संध्याकाळी रोह्याला कंपनी सुटायच्या वेळी नेमका एक ट्रक कागदांवाचून अडला. कागद करून मी पळतच गेटबाहेर आले, तेव्हा बस हलत होती. मिनिट होऊन गेलं होतं. आरशात नवऱ्याचे डोळे दिसले. त्यानेही मला बघितलं. आणि गिअर टाकला.

तेवढ्यात बसच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि पत्रा बडवायला लागला. ती पोरगी कमरेपर्यंत बाहेर वाकली होती. "ओ दादा! थांबवा ना! वहिनी हायत मागं! थांबवा!" तिचा आवाज रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जात होता. काकांनी तिला आत ओढलं असावं, तरी पुढच्या वळणापर्यंत ती ओरडतच होती.

मी तिला ना नात्याची, ना गोत्याची. त्या मंगळवारी बसमध्ये तिच्यासाठी मी एक शब्द बोलले नव्हते, आणि ते तिला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी बसला जा, जा, अशी खूण करत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही थांबत नव्हतं. नवऱ्याचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

गेटवरचा वॉचमन धावत आला. "काय झालं ताई? बस गेली?"

"गेली," मी म्हटलं. "वेळेवर गेली."