आप्पांच्या कार्डावरचं पेट्रोल

आप्पा गेल्यावर त्यांनी पेट्रोल भरलं, असं पासबुकाचं म्हणणं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत होते. पहिली पाळी करून दौंडला घरी येताना हायवेवर ट्रकनं त्यांच्या मोटारसायकलला उडवलं. पोलिसांनी घड्याळ दिलं, किल्ल्या दिल्या, चेपलेला डबासुद्धा दिला. पाकीट तेवढं आलं नाही. तेराव्याऐवजी आमच्यात होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या गडबडीत त्याची आठवण कुणाला राहणार? त्यात बँकेचं कार्ड होतं. खातं आईच्या नि त्यांच्या नावावर होतं आणि कंपनीनं दिलेली भरपाई त्यातच जमा झाली होती. आईच्या पुढच्या आयुष्याला तेवढाच आधार.

मी तेव्हा शिरूरला शाळेत शिकवत होते. शनिवारी अर्धी शाळा सुटली की एसटी धरून आईकडे जायचे. एका शनिवारी बँक बंद होता होता आम्ही दोघींनी पासबुक भरून आणलं, तर कासुर्डीजवळच्या एका पंपाची नोंद, तारीख आप्पा गेल्यानंतरची. माझं डोकंच फिरलं. रस्त्यावर पडलेल्या माणसाचा खिसा चाचपणाऱ्याचे हात झडावेत, किडे पडावेत, असलं काय काय मी वाटभर बोलत होते.  घरी आल्यावर आई अंगणातल्या मोडक्या गाडीकडे बघत म्हणाली, "गाडी तर हितं पडलीया. मग त्येल भरलं कशात?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.

सोमवारी रजा टाकून मी कार्ड बंद केलं. मॅनेजरांनी समजावलं की पंपावर कार्ड घासलं की नुसती सही लागते, ती कोणी निरखून बघत नाही. बँक फोनवर पिन विचारत नाही, हेही त्यांनी बजावलं. मला वाटलं, संपलं.

मग घरी फोन येऊ लागले. बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद पडलंय, चालू करून देतो. खातेदाराचं नाव, खाते नंबर आणि पिन सांगा. आई पहिल्याच प्रश्नाला अडायची. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशन दुकानात नाव विचारलं की मला पुढं ढकलायची. आप्पा तिला चिडवायचे, "घे की नाव, मी काय देव हाय?" तर ती पदर तोंडाला लावायची. फोनवरच्या माणसालाही तिनं "ह्यांचं खातं" एवढंच सांगितलं. तो म्हणायचा, नाव घ्या, मगच पुढं जाता येईल. ती घ्यायची नाही. तो फोन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा. आप्पा पहिल्या पाळीवरून घरी यायचे, साधारण त्याच वेळेला.

मी बजावलं, आवाज ओळखू आला की फोन खाली ठेव. ती हो म्हणाली. पण शेजारणीनं मला सांगितलं की दुपारी केस विंचरून ती फोनपाशी बसून असते. मग मला खरंच भीती वाटली. आज नाव सांगेल, उद्या नंबर, परवा पिन. आधार म्हणून होतं तेवढंही जाईल.

आवाज कसा आहे, मी विचारलं. "सर्दी झाल्यावानी," ती म्हणाली. "कंपनीत पावडरीच्या खात्यात काम लागलं की ह्यांचा व्हायचा तसा."

त्या रात्री मला एक गोष्ट खटकली ती आजतागायत सुटलेली नाही. त्याच्याकडे आप्पांचं कार्ड होतं. कार्डावर नाव छापलेलं होतं. मग ते त्याला आईच्याच तोंडून का ऐकायचं होतं?

पुढच्या शनिवारी मी दारात पोचले तेव्हा आई फोनवर होती. पाठमोरी उभी, डोक्यावर पदर. तिनं आप्पांचं नाव घेतलं. आडनावासकट, हळू, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर. जन्मात पहिल्यांदा मी ते तिच्या तोंडून ऐकलं. मी धावत जाऊन रिसीव्हर हिसकावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. लांब कुठंतरी पाळी सुटल्याचा भोंगा वाजत होता, मग फोन कट झाला.

"नंबर दिलास? पिन दिलास?" मी ओरडले.

"न्हाई. त्यानं इचारलंच न्हाई." ती खाली बसली. "म्या नाव घेतलं आन् त्यानं ओ दिली."

मी म्हणाले, चोर आहे तो, चोर काहीही करेल. जीव तोडून सांगत होते, कारण ते मला स्वतःलाच पटवायचं होतं. फोन काढून टाकू, असंही म्हणाले.

"टाक की काढून," आई म्हणाली. "चोर असंल न्हाईतर आणिक कोन." तिनं माझ्या हातातला रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. "ते जिते व्हते तवा घ्यायला पायजे व्हतं गं नाव. तवा बी ओ दिली असती त्यांनी."