नवरा हरेल यावर

१२ डिसेंबर. नवऱ्याच्या मोज्यांचा कप्पा आवरताना आज एक लाल फासा सापडला, आणि मी आखातातल्या आमच्या अल नहदाच्या घरातून मनाने थेट त्याच्या ऑफिसच्या जुन्या पार्टीत पोचले.

क्रॅप्सचं, म्हणजे दोन फाशांच्या जुगाराचं टेबल मांडलं होतं. पैसे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्स. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिप्स, त्याला मुंबईचं एक विमान तिकीट. दोन वर्षं मी आईला भेटले नव्हते, म्हणून आठवडाभर घरी शेंगदाणे लावून नियम पक्के केले होते.

शेवटचा डाव आला. लाल फासे नवऱ्याच्या हातात होते. सगळ्यांनी तो जिंकेल यावर लावलं, मी तो हरेल यावर.

"वहिनी, त्याला घरी जेवायला मिळणार ना?" त्याच्या ऑफिसातले सावंत म्हणाले.

"हरला तर मिळेल."

पहिल्याच फेकीला सात किंवा अकरा पडले असते, तर मी संपले होते. पडले चार. आता पुन्हा चार आले तर तो जिंकणार, त्याआधी सात आले तर मी. चार तीन प्रकारे पडतात, सात सहा प्रकारे. मी उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या.

"यल्ला, चल, टाक," मी नवऱ्याला म्हणाले.

पाच आणि दोन.

तेव्हा मला फक्त तिकीट दिसलं. आज आठवतंय, की स्वतः डाव हरूनही माझ्यापेक्षा मोठ्याने आनंदाने नवराच ओरडला होता.

पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली आणि त्याला कुकर लावायला शिकवलं.